सचिवांची काच

सुरुवातीला तो तडा मोहरीच्या दाण्याएवढा होता, हे मी कुणासमोरही शपथेवर सांगायला तयार आहे. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना माझ्यापुढे खडीचा ट्रक होता. त्याने एक खडा माझ्याकडे पाठवला, तो टक्‌कन काचेवर आपटला आणि आपल्या वाटेने निघून गेला. मी गाडी बाजूला घेतली, काचेवरून बोट फिरवलं आणि स्वतःशी म्हटलं, "हॅ, एवढ्याने काय होतंय!" माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू झाली आहेत.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी होतं आणि डोळ्यांचे डॉक्टर ताईच्या घराजवळचे, म्हणून आई तिच्याकडेच होती. आमच्या घरापासून गाडीने दीड तास. शनिवारी तिला परत आणायचं होतं.

"यांच्या गाडीतूनच आणून सोडतो आम्ही," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, उजेडाची तिरीप डोळ्यांवर नको. यांच्या गाडीला कंपनीचीच गडद काच आहे. तुझ्या गाडीत म्हणजे..."

तिने वाक्य तिथेच सोडलं. ताईची अर्धी वाक्यं दुसऱ्यांच्या अख्ख्या भाषणापेक्षा जास्त झोंबतात. भाऊजींची गाडी मोठी आहे. त्यांचं सगळंच मोठं आहे. त्याचं मला काही नाही. पण माझी आई माझ्या घरातून गेली आणि परत येताना दुसऱ्याच्या गाडीतून उतरणार, हे काही मला सहन झालं नाही.

"आई माझ्या गाडीतून येईल," मी म्हणालो. "काचेची व्यवस्था मी केलेली आहे."

केलेली काहीच नव्हती. बायको समोर बसून हे ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, आधी त्या तड्याचं बघा."

मंगळवारी सकाळी पार्किंगमध्ये तड्याभोवती माणसं जमली. तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की, तड्यात नेलपॉलिश भरलं की तो जागच्या जागी थांबतो. मी बायकोची बाटली आणून एक गुलाबी ठिपका लावला. तेवढ्यात आमच्या सोसायटीचे चेअरमनकाका आले. काका निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठ्यात होते, त्यामुळे काच, लाकूड, रक्तदाब आणि परदेश धोरण या सर्व विषयांवर त्यांचा शब्द शेवटचा असतो.

"घाबरू नका," काका म्हणाले. "ही दोन काचांची एक काच असते. मधे पडदा असतो. ठोकली तरी काही होत नाही. बघा."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि काचेवर ठोकली. काही झालं नाही. पुन्हा ठोकली. काही झालं नाही. इथे थांबायला हरकत नव्हती. पण पटवून द्यायला निघालेला माणूस दोनवर थांबत नाही. तिसऱ्या ठोक्याला गुलाबी ठिपक्यातून एक रेघ निघाली आणि करकर आवाज करत थेट दुसऱ्या टोकाला पोचली. इतकी सरळ रेघ मला शाळेत पट्टी घेऊनसुद्धा कधी आली नव्हती.

"बघा!" काका आनंदाने म्हणाले. "पडली का खाली? नाही पडली. पडदा आहे ना मधे!" आणि किल्ली खिशात टाकून ते फिरायला गेले.

"आता बदलायचीच आहे, तर गडद करून घ्या," बायको म्हणाली. त्या क्षणी मला हे इतकं सोपं वाटलं की, मी काकांना मनातल्या मनात माफसुद्धा केलं.

बुधवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि माझ्या गाडीचं, दोन्ही एकाच सकाळी होतं. काचवाला शांत माणूस होता. त्याने जुन्या काचेच्या कडेने बारीक तार घातली आणि इकडून मी, तिकडून तो, असं आम्ही ती तार मागेपुढे ओढून काच सोडवली. मला का ओढायला लावलं, हे मी विचारलं नाही. ग्राहकाला कामाला लावणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. मग त्याने चौकटीला काळा गोंद लावला, नवीन काच अलगद बसवली आणि वर चिकटपट्ट्या मारल्या.

"चोवीस तास दार आपटायचं नाही," तो म्हणाला. "आतली हवा काचेला बाहेर ढकलते. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. गडद फिल्म शुक्रवारी लावू. आज नाही."

तेवढ्यात ताईचा फोन आला. "झालं बघ आईचं. वीस मिनिटांत बाहेर."

माझ्या काचेला तेव्हा तीन तास झाले होते.

घरी येताना मी गाडी लग्नात आलेली काचेची भांडी न्यावीत तशी चालवली. आणि सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने हात आडवा केला.

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी सोसायटीचा सचिव आहे. मानद. गेल्या वर्षी बाहेरच्या गाड्यांचा त्रास वाढला, तेव्हा मी स्टिकरची योजना आणली. प्रत्येक गाडीला नंबर असलेला स्टिकर, समोरच्या काचेवर, आतल्या बाजूने. एकाने काढून दुसऱ्याच्या गाडीला लावू नये म्हणून सोलायला गेलं की टराटरा फाटणाऱ्या कागदाचा स्टिकर मी स्वतः निवडून आणला. नियम मी लिहिले. "जुना स्टिकर जमा केल्याशिवाय नवीन मिळणार नाही" हे वाक्य माझं. "सचिवांची गाडीही यास अपवाद नाही" हे वाक्य तर मी सभेत उभं राहून वाचलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. हे सगळं फाटकाशेजारच्या पाटीवर रंगवलेलं आहे आणि खाली लाल अक्षरांत माझं नाव आहे. पाटी लागली त्या दिवशी मी आईला मुद्दाम खाली घेऊन गेलो होतो. ती बराच वेळ पाटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "छान दिसतंय हो."

गेल्याच महिन्यात या वॉचमनने भाऊजींची गाडी स्टिकरशिवाय आत सोडली, म्हणून मी त्याला चारचौघांत बोललो होतो. "उद्या माझी गाडी आली तरी स्टिकर बघायचा!" असंही म्हणालो होतो. आवेशात माणूस उदाहरणं देतो.

"साहेब, स्टिकर?" वॉचमन म्हणाला.

"अरे, काच नवीन आहे. दिसतंय ना? आणि मला ओळखत नाहीस का तू?"

"तुम्हाला ओळखतो साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "गाडीला ओळखायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

मी चेअरमनकाकांना फोन लावला. "नियम चार," काका म्हणाले. "जुना स्टिकर आणा, लगेच नवीन देतो. मी विशेष बाब म्हणून सोडलं असतं हो, पण विशेष बाब तुम्हीच खोडायला लावली होती. टाळ्या पडल्या होत्या, आठवतं ना?"

गाडी रस्त्यावर राहिली, अंगावर चिकटपट्ट्या आणि खिडकी दोन बोटं उघडी. मला स्वतःच्या अपमानाचं एवढं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं. पण खरी काळजी आईची होती. आमची इमारत फाटकापासून सगळ्यात शेवटची आणि मधला रस्ता पाण्याच्या पाइपसाठी उखडलेला. गाडी जेमतेम जाते. माणसाने उड्या मारत जावं लागतं. नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला तिथून चालवत नेणार कसं?

गुरुवारी मी काचवाल्याकडे धावलो.

"जुनी काच? भंगारात गेली," तो म्हणाला.

भंगारवाल्याच्या अंगणात गाड्यांच्या काचा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. पन्नास तरी असतील.

"कुठली पाहिजे?" भंगारवाल्याने विचारलं.

"माझी."

"फुटकीच पाहिजे?"

"फुटकीच पाहिजे. गुलाबी नेलपॉलिश लावलेली."

तो दोन पावलं मागे सरकला. पण ठिपका असा लखलखीत होता की, पाच मिनिटांत काच सापडली. तळमजल्यावरच्या काकूंचा सल्ला असा कामी आला. स्टिकर कोपऱ्यात शाबूत होता. मी नखाने एक कडा उचलली, तर तेवढा तुकडा टर्‌कन फाटला. मी निवडलेला कागद खरोखरच उत्तम होता. जास्त हात लावला असता तर स्टिकर गेला असता, मग नवीन स्टिकर गेला असता आणि शेवटी आई भाऊजींच्या गाडीतून... भाऊजींच्या गाडीलाही स्टिकर नव्हताच म्हणा, पण त्या क्षणी एवढा विचार करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

मी अख्खी काच घेतली. सीट पाडल्या, मागचं दार उघडलं आणि भंगारवाल्याच्या मदतीने ती आत सरकवून वर चादर घातली. जगात दोन पुढच्या काचा असलेली गाडी त्या दिवशी माझी एकटीच असावी.

फाटकाशी वॉचमनने पुन्हा हात आडवा केला. मी खाली उतरून मागचं दार उघडलं आणि चादर बाजूला केली. तो वाकला. मग त्याने पाटीकडे पाहिलं, ओठ हलवत नियम दोन वाचला, पुन्हा वाकला.

"स्टिकर समोरच्या काचेवर आहे," तो सावकाश म्हणाला. "आतल्या बाजूने आहे. कोपऱ्यात आहे. काच गाडीत आहे." त्याने सलाम ठोकला. "जा साहेब. नियमात बसतंय."

सोसायटीच्या ऑफिसात चेअरमनकाकांनी रजिस्टरमध्ये "जुना स्टिकर, काचेसह जमा" अशी नोंद केली आणि काच कपाटाला टेकवून ठेवली. स्वतःच्या किल्लीने पडलेली रेघ त्यांनी लांबून बघितली. "रेघ मात्र सरळ आली," ते म्हणाले. नवीन स्टिकर मी खिशात ठेवला. फिल्म लागली की मगच लावायचा, एवढी अक्कल मला आता आली होती.

शुक्रवारी काचवाल्याने विचारलं, "किती गडद?"

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग सगळ्यात गडद," तो म्हणाला. ग्राहकाची अडचण समजून घेणारा माणूस होता. त्याने साबणाचं पाणी मारून फिल्म आतून चढवली, रबराने पाणी काढलं आणि मी लगेच कोपऱ्यात तिच्यावर स्टिकर लावला. लांबून गाडी अशी देखणी दिसत होती की, मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग आत बसलो आणि भर दुपारी संध्याकाळ झाली. समोरचा सिग्नल हिरवा होता की लाल, ते मागच्या गाड्यांच्या हॉर्नवरून ठरवावं लागलं. मी दिवे लावले. ते पुरले नाहीत, म्हणून बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी घरी आणली.

"बाहेरचं काही दिसतं का हो?" बायकोने विचारलं.

"सवय होईल," मी म्हणालो. फाटकाशी वॉचमनने टॉर्च लावून स्टिकर बघितला आणि सलाम केला. आता मी आणि तो एकमेकांना नियमाची माणसं म्हणून मानत होतो.

शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. ताईचं घर दहा मिनिटांवर राहिलं असताना वाहतूक हवालदाराने शिट्टी मारली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलेलंच होतं, त्यामुळे थांबल्यावर मला काचही खाली करावी लागली नाही.

"आत कोण आहे?" हवालदार काचेकडे बघत म्हणाला.

"कुणी नाही. मीच आहे."

"ते मला दिसायला नको का? समोरच्या काचेतून चालवणारा दिसला पाहिजे. काढा फिल्म."

"साहेब, माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"गाडी आई चालवतात?"

मी फिल्मचा कोपरा नखाने उचलला. कालचीच होती, ती निघत होती, पण माझ्या हातांना चिकटत, शर्टाला चिकटत, एकदा स्टिअरिंगलाही चिकटली. मग हवालदाराने टोपी बॉनेटवर ठेवली. "अहो, अशी नाही. माझ्या मेव्हण्याचं याच फिल्मचं दुकान आहे. वरून सरळ ओढायची," असं म्हणत त्याने दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती ओढून काढली. काचेवर उरलेला गोंद त्याने आपल्या पाण्याच्या बाटलीने आणि वर्तमानपत्राने पुसूनही दिला. हातात फिल्मची गुंडाळी आली. तिच्या एका कोपऱ्यात माझा नवीन स्टिकर चिकटलेला होता.

तिथे रस्त्याच्या कडेला मी पहिल्यांदा रडायच्या बेतात आलो. पाच दिवस धावाधाव केली आणि काच पुन्हा होती तशी, स्टिकर पुन्हा हातात. आईला आणायला मी साध्या काचेची गाडी घेऊन चाललो होतो आणि शर्टाला गोंद लागला होता.

ताईच्या दारात भाऊजींची गाडी उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. भाऊजी तिच्या शेजारी उभे राहून काच पुसत होते. त्यांनी माझ्या काचेकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं आणि आपली काच पुन्हा पुसायला घेतली. ते फार लागलं.

"ताई," मी म्हणालो, "काच साधीच आहे. गडद केली होती, पण काढावी लागली. आईला तुमच्याच गाडीतून येऊ दे."

आई पायरीवर आली. तिच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. एरवी माझ्या आवाजाचा माग घेत येणारी ती आज माझ्याकडे बघत सरळ चालत आली, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. गाडीपाशी ती थांबली.

"ही निळी आहे होय रे?" ती म्हणाली. "मी दोन वर्षं करडी समजत होते."

"आई, यांच्या गाडीत बस," ताई म्हणाली. "काळी काच आहे."

"काळा चष्मा दिलाय की डॉक्टरांनी. त्याच्यावर आणखी काळी काच कशाला?" आई माझ्या गाडीचं पुढचं दार स्वतः उघडत म्हणाली. "इतकी वर्षं धुरकटच बघत होते मी. आता दिसतंय, तर मला अंधारात बसवून नेता काय?"

भाऊजी आणि ताई बॅग घेऊन मागून त्यांच्या गाडीतून निघाले. डोळ्यांत थेंब कसे घालायचे, ते दाखवायला ताई दोन दिवस आमच्याकडे राहणार होती.

रस्ताभर आई वाचत होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मजकूर, गाड्यांचे नंबर. एका दवाखान्याची वेळ तिने मला सांगितली. मग माझ्याकडे वळून बराच वेळ बघत राहिली.

"केस बरेच गेले रे तुझे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही."

"हळूहळू गेले. तुझी काच वीस मिनिटांत बदलली, माझ्या काचेला पाच दिवस लागले. त्यात बरेचसे गेले."

फाटकाशी वॉचमन पुढे आला. त्याने काचेचा कोपरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. मी मागच्या सीटवरून फिल्मची गुंडाळी काढून त्याला स्टिकर दाखवला.

"काचेवर पाहिजे साहेब," तो जवळजवळ कुजबुजत म्हणाला. "फिल्मवर नाही."

मी उखडलेल्या रस्त्याकडे पाहिलं. त्यात आज पाणीही साचलं होतं. आई मात्र तिकडे बघतच नव्हती. ती पाटी वाचत होती, मोठ्याने, नियम एकपासून. शेवटच्या नियमावर आल्यावर ती म्हणाली, "सचिवांची गाडीही यास अपवाद नाही. हे काय वेडपट लिहिलंयस!" मग खालच्या लाल ओळीपाशी थांबली. माझं नाव तिने दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा आवाजात.

"तू मला दाखवायला आणलं होतंस ना इथे," ती म्हणाली. "मला नुसती पांढरी भिंत दिसत होती. तू इतका खूश होतास, म्हणून म्हटलं छान दिसतंय." मग तिने हात पुढे केला. "दे ती गुंडाळी."

तिने फिल्म उलगडली, स्टिकरचा कोपरा नीट बाहेर काढला, आणि डाव्या बाजूला तिच्यासमोर जी काच होती, तिच्या कोपऱ्यात आतून तळव्याने तो दाबून धरला.

"आता काचेवर आहे का रे?" तिने वॉचमनला विचारलं.

वॉचमन वाकला, बाहेरून नंबर वाचला आणि एवढा मोठा सलाम ठोकला की त्याची टोपी पडली. फाटक उघडलं. मी गाडी आत घेतली. मागोमाग भाऊजींची मोठी गाडी आली आणि वॉचमनने तिच्यासमोर हात आडवा केला.

"थांब जरा," आई म्हणाली. स्टिकर तिने तसाच धरला होता. "थोडी मागे घे. तुझं नाव परत एकदा वाचू दे."

"आई, मागे भाऊजी आहेत."

"असू देत. त्यांनाही वाचता येतं."

भाऊजी हॉर्न वाजवत होते. मी गाडी दोन हात मागे घेतली आणि हँडब्रेक ओढला.